खाऱ्या पाण्याच्या टाकीत केसाळ शेवाळ: टेस्ट शून्य दाखवते, मग हे जगतंय कशावर?

शिंपला_डोंबिवली

नमस्कार. माझी ३ फूट लांब, दीड फूट रुंद नि दीड फूट उंच अशी समुद्री टाकी आहे, साधारण १९० लिटरची. दिवाळीत सुरू केली. क्लाउनफिशची जोडी, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल आणि कोरडे खडक. प्रवाळ नाहीत. सुरुवातीला काचेवर तपकिरी थर आला आणि आपोआप गेला. मार्चपासून मात्र खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ धरलंय, आता बोटभर लांब झालंय. रविवारी टूथब्रशने घासते, बुधवारपर्यंत परत तेवढंच.

शेवाळाचं खाणं म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही टेस्ट शून्य. पाणी घरच्या पिण्याच्या आरओचं. दिवा १० तास.

एप्रिलमध्ये दुकानातून शेवाळ मारायचं औषध आणून टाकलं. दोन दिवसांत शेवाळ पांढरं पडलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे क्लाउनची जोडी पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकत होती. मी अक्षरशः रडकुंडीला आले. तयार करून ठेवलेलं ४० लिटर पाणी होतं म्हणून मासे वाचले. तीन आठवड्यांत शेवाळ पुन्हा हजर. आता औषध नको. कुठे चुकतंय ते सांगा.

खारट_पुणेकर

ताई, मासे वाचले हे फार बरं झालं. शेवाळ एकदम मेलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. रात्री प्रकाश नसल्याने तो तयारही होत नाही, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. शिवाय मेलेल्या शेवाळातलं सगळं खत पाण्यातच राहिलं. तेच खाऊन नवं उगवलं.

टेस्टच्या शून्यावर जाऊ नका. टेस्ट पाण्यात उरलेलं मोजते, शेवाळाने आधीच गिळलेलं तिला दिसत नाही. वाढतंय म्हणजे त्याला खायला मिळतंय. कुठून, ते शोधायचं.

दोन गोष्टी कळवा. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज किती लिटर घालता? आणि तुमच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, किती? मोजायचं पेन काही शे रुपयांत मिळतं.

शिंपला_डोंबिवली

उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावलाय, त्यामुळे रोज ३ लिटर तरी घालावं लागतं. पेन आजच आणलं. टीडीएस ६८! आरओचं पाणी शुद्ध असतं ना?

खारट_पुणेकर

प्यायला उत्तम, टाकीला नाही. घरच्या आरओत बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. आता हिशोब करा: रोज ३ म्हणजे महिन्याला ९० लिटर, जवळजवळ अर्धी टाकी. टाकीतून उडतं ते निव्वळ पाणी. घातलेल्या पाण्यात विरघळून आलेलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मागेच राहतं आणि महिनोन्महिने साचत जातं. माझ्या पहिल्या टाकीचं वर्ष याच कारणाने वाया गेलं, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

मेम्ब्रेनच्या (आरओतल्या गाळणाऱ्या पडद्याच्या) पुढे आणि कंट्रोलरच्या आधी पाइपला एक टी काढून घ्या, त्या पाण्याला डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची) कुपी जोडा. पेनवर ० आला पाहिजे. १-२ दिसू लागलं की रेझिन बदला. मीठही याच पाण्यात कालवा, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. शेवटी घनता १.०२५ येते का ते बघा.

शेवाळ टाकीत घासू नका. तुकडे सुटतात आणि शेजारच्या खडकावर रुजतात. एकेक खडक टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरून मुळापासून उपटा आणि ते पाणी फेकून द्या. दिवा ७ तासांवर आणा. टर्बो गोगलगायी उपटल्यानंतरच घ्या, लांब केसांना त्या सहसा तोंड लावत नाहीत. आणि कोळंबीचे गोठवलेले तुकडे घालत असाल तर आधी गाळणीत धुवा, सुटलेला रस टाकीत जाऊ देऊ नका.

मिऱ्याबंदर

मी रत्नागिरीचा, त्यामुळे समुद्राचंच पाणी वापरतो. पण ते होडीतून आत जाऊन भरलेलं, खाडीच्या तोंडाशी किंवा गटाराजवळ कधीच नाही. पावसाळ्यात किनाऱ्याच्या पाण्याचा खारटपणा उतरतो, ते चार महिने मीही मीठच कालवतो. ताईंना कुणी 'समुद्रातून जिवंत खडक (जीवजंतू वसलेले खडक) आणा' असं सुचवेल, ते करू नका. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.

त्यापेक्षा मागच्या बाजूला लटकणाऱ्या डब्यात किटोमॉर्फा ठेवा. तेही शेवाळच, दोऱ्याच्या गुंत्यासारखं. त्याला रात्री दिवा द्या. खडकावरच्या शेवाळाचं खाणं ते ओढून घेतं. दर पंधरवड्याला मूठभर काढून फेकलं की ओढलेलं सगळं टाकीबाहेर.

शिंपला_डोंबिवली

सात आठवडे झाले. डीआय लावलं, टीडीएस ०. चार रविवार खडक बादलीत धरून उपटले, हाताला मिठाने चिरा पडल्या. पाचव्या रविवारी उपटण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. एका खडकावर आता जांभळट गुलाबी ठिपके दिसताहेत. गंमत म्हणजे टेस्टमध्ये आता नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ येतंय! फॉस्फेट शोषणारं जीएफओ आणून तेही शून्यावर नेऊ का?

खारट_पुणेकर

अजिबात नको. आधीचं शून्य शेवाळाने खाल्ल्याचं होतं, आता खाणारं कमी झालं म्हणून आकडा दिसतोय. दोन्ही खरोखर शून्य केलेत तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येण्याची भीती. तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले दोरे असतात आणि ते घालवणं केसाळ शेवाळाहून कितीतरी अवघड. फॉस्फेट ०.१ च्या वर चढत राहिलं तरच जीएफओ, तेही सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं. गुलाबी ठिपके कोरलाइन शेवाळाचे असावेत, ते खडकाला कठीण थरासारखं चिकटणारं चांगलं शेवाळ, त्यांना ब्रश लावू नका. गोगलगायी आणायला आता हरकत नाही, आधी दोनच आणा.