मानवी उत्क्रांतीत संशोधन करायचंय: हाडं की डीएनए?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. प्राणिशास्त्रात बीएस्सी होत आलंय. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत मिळालेल्या बोटाच्या इवल्याशा हाडातून २०१० साली एक अख्खा अज्ञात मानवगट उजेडात आला, हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

प्राचीन डीएनएसाठी संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग लागतं. जीवाश्मांसाठी शरीररचनाशास्त्र, शिवाय उत्खननाचा अनुभव. माझी ओढ कवट्या-दातांकडे. उष्ण प्रदेशात डीएनए फारसा टिकत नाही, त्यामुळे तिथे हाडं वाचणारी माणसं लागणारच, असं मला वाटतं.

तर एमएस्सी मानवशास्त्रात करावी की जनुकशास्त्रात? पीएचडीसाठी मार्गदर्शकांना आधीच मेल करावा का, आणि त्यात नेमकं काय लिहावं? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.