मृतदेहावर हक्क कुणाचा, गेलेल्याचा की मागे राहिलेल्यांचा?

साकव
केरळचे ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते एम. एम. लॉरेन्स २१ सप्टेंबर २०२४ रोजी गेले. मुलगा म्हणाला, बाबांना देहदान करायचं होतं. मुलीचा विरोध, तिला चर्चच्या रिवाजाने दफन हवं होतं. एर्नाकुलमच्या टाऊन हॉलमध्ये अंत्यदर्शनालाच ओढाताण झाली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. केरळच्या शरीररचनाशास्त्र (अ‍ॅनाटॉमी) कायद्यात देहदानाची इच्छा दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितली तरी चालते. त्या आधारावर मुलगी हरली, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टातही. निकाल मला पटला. आयुष्यभर जे मानलं, ते शेवटच्या दिवशी नातेवाइकांनी का पुसायचं?

घाटावरचा
अजिबात पटत नाही. कागदावर एक सही नाही, नुसतं "ते म्हणाले होते". घराच्या खोलीसाठी आपण नोंदणीकृत कागद मागतो आणि बापाच्या देहासाठी दोघांचा शब्द पुरतो? माती कुठे द्यायची हे मुलीने विचारलं, त्यात तिचं काय चुकलं? माणूस गेला. रडायचं तिला आहे.

निवांत
सही असून तरी काय होतं? माझ्या सासऱ्यांनी देहदानाचा फॉर्म भरला होता, कार्ड पाकिटात असायचं. रात्री गेले. सकाळी आम्ही मेडिकल कॉलेजला फोन लावला, तेवढ्यात चुलतसासरे आडवे आले. पलीकडून सांगितलं, "घरात वाद असेल तर आम्ही देह घेत नाही." दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी दिला. सासूबाई अजून ते कार्ड जपून ठेवतात.

घाटावरचा
वाईट वाटलं. पण मग मृत्युपत्रात लिहावं ना, कोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, घेता येतं.

साकव
मृत्युपत्र बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतात आणि प्रोबेटला महिनोन्‌महिने जातात. देहदानाला काही तासच असतात. लॉरेन्स यांचा देह वाद मिटेपर्यंत जवळपास चार महिने तसाच राहिला. शिवाय मृतदेह ही मालमत्ता नाही, वाटणीला येत नाही. म्हणून म्हणतो, देह कुणाच्या ताब्यात द्यायचा ते नाव जिवंतपणी फॉर्मवरच लिहून घ्या आणि कॉलेजने फक्त त्याच माणसाचं ऐकावं.

घाटावरचा
तो माणूस आणि मुलगी समोरासमोर उभे राहिले, तर मी मुलीच्याच बाजूने उभा राहीन.