मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या इंजेक्शनानंतर ह्यांना सारखा घाम फुटतो, पुढचं इंजेक्शन नको म्हणतात

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते. हे दुपारचे जरा पडलेत, तेवढ्यात लिहून घेते. इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

ह्यांचं वय ६८. गेल्या श्रावणात लघवीला अडखळायला लागलं म्हणून पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी केली, तो ४६ आला. मग बायोप्सी, स्कॅन, सगळं ओघानं आलंच. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ग्लीसन स्कोअर (तो किती जोरात वाढणारा आहे त्याचा आकडा) ८. हाडांत गेलेलं नाही, एवढी देवाची कृपा. रेडिएशन झालं, आणि दर बारा आठवड्यांनी झोलाडेक्स १०.८ चं इंजेक्शन, असं दोन वर्षं घ्यायचंय. ते बेंबीच्या खाली पोटाच्या कातडीत देतात. औषध पातळ नसतं, बारीक कांडी असते, त्यामुळे सुई जाड. पहिल्या खेपेला ती बघून मलाच घेरी आली. तीन झाली. पीएसए आता ०.३ आहे, डॉक्टर खूश आहेत.

हे खूश नाहीत.

पहिल्या इंजेक्शनानंतर तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. जेवता जेवता हातातला घास ताटात ठेवतात. आधी कानाच्या पाळ्या लाल होतात, मग मान, छाती, आणि मग कपाळावरून घामाच्या धारा. तीन-चार मिनिटांत ओसरतं, की लगेच हुडहुडी, शाल दे म्हणतात. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्री तीनदा तरी. अभ्रा रोज धुवायला टाकते. त्यांना वाटलं हार्टचं काहीतरी आहे, म्हणून एकदा रात्री ११ वाजता जाऊन ईसीजी काढला. नॉर्मल. परत येताना रिक्षातच मी म्हटलं, अहो, हे मला ओळखीचं आहे. पाळी जाताना चार वर्षं मला हेच होत होतं. (तेव्हा हे थंडी वाजते म्हणून पंखा बंद करायचे. ते काही बोलले नाही.)

इंजेक्शन देतात तिथं आधी कुणी धड सांगितलं नाही. सही घेतलेल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं असेल. विचारलं तर, "काका, आजार आटोक्यात आहे ना? मग थोडं सोसा."

नुसता घाम असता तर सोसलाही असता. वजन सहा किलो वाढलं, सगळं पोटावर, पाय मात्र काडीसारखे झालेत. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.५ वरून ७.४. छाती दुखरी झाली आहे, बनियन घासलं तरी सहन होत नाही. हे मला दोन महिन्यांनी कळलं, भर उन्हाळ्यात शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसायला लागले तेव्हा. गुरुवारचं भजन बंद, चारचौघांत घाम फुटतो म्हणून. आणि रडू. एसटीत ३४ वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, यात्रेच्या गाडीत दारूडे उतरवलेला. परवा टीव्हीवर पालखीचं प्रस्थान बघताना हुंदके देत होता. एरवी दरवर्षी सासवडपर्यंत चालत जायचे.

बाकी जे थांबलं ते थांबलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हे पाठ करून झोपतात, त्याचं वाईट वाटतं.

चौथं इंजेक्शन पुढच्या शुक्रवारी आहे आणि हे म्हणतात, मी येणार नाही. घामाला काही औषध असतं का? धाकट्या दिरांनी ताकदीसाठी शिलाजीत आणि अश्वगंधा आणून दिलंय, डबा फडताळात तसाच आहे, देऊ का? आणि डॉक्टरांसमोर हे "सगळं ठीक" म्हणतात, मी तोंड उघडलं की रागावतात. काय करावं?

प्रतिसाद
ताई, मी ७२ वर्षांचा, दीड वर्ष ल्युप्रोलाइडवर होतो, ते याच जातीचं इंजेक्शन. तो डबा आधी दिरांना परत करा. या रोगाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पोसतं, म्हणून इंजेक्शन ते खाली पाडतं. अश्वगंधेनं ते वाढू शकतं. शत्रूला रसद कशाला पुरवायची?
घामाला औषध आहे. मला वेनलाफॅक्सिन कमी डोसात दिलं होतं. ते उदासीवरचं औषध, पण घामाचे झटकेही कमी करतं. बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. मी वहीत वेळा लिहायचो, तेव्हा लक्षात आलं की चारच्या कढत चहानंतर हमखास येतो. चहा कोमट केला, ठेचा सोडला. ठेचा सोडणं जास्त जड गेलं.
हाडांची डेक्सा तपासणी झाली का, विचारा. या इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व किती घ्यायचं ते डॉक्टर सांगतील. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिड द्यायचं ठरलं तर आधी दंतवैद्याला दाखवा. नुसतं चालून पायांत ताकद येत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठबस, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून दोन-तीनदा.
इंजेक्शन मनानं चुकवू नका. दोन वर्षांऐवजी कमी चालेल का, हे मात्र जरूर विचारा, त्यात गैर काही नाही. आणि ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवा, म्हणजे तुम्हाला बोलावं लागणार नाही. रडू औषधाचं आहे. मी नातवाच्या मुंजीत रडलो, तेही जेवणाच्या पंगतीत.

प्रतिसाद
मी इंग्लंडमध्ये असते, सासऱ्यांना हेच इंजेक्शन आहे. इथल्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पुरुषांच्या या त्रासाला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन सुचवलंय, रोज २० मिलिग्रॅम, सुरुवातीला दहा आठवडे. बायकांना देतात तेच हार्मोन. त्यांना फरक पडला. दुकानातून आणून देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. डबा परत गेला, दीर थोडे फुगलेत. काल रात्री ह्यांना फोनवर काकांचा प्रतिसाद वाचायला दिला. चष्मा लावून दोनदा वाचला. शुक्रवारबद्दल अजून हो नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. शेजारी बसून मला लिही म्हणतात: "रात्री अंथरुणावर काय घालत होता?"

प्रतिसाद
सुती पंचा. दोन ठेवा, एक अंगाखाली, एक उशाशी.