शब्दचर्चा: 'रनटाइम बसवा' म्हणजे नेमकं काय बसवायचं?

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी उबंटू २४.०४ वर जावा बसवण्याची मराठी टिपणी लिहिते आहे. मुलं मराठी माध्यमातून आलेली आहेत आणि बऱ्याच जणांच्या घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. आज्ञा जशाच्या तशा राहणार, प्रश्न भोवतीच्या वाक्यांचा आहे.

पहिला अडथळा 'रनटाइम' हा शब्द. जेआरई म्हणजे जावा रनटाइम एन्व्हायर्नमेंट. कोशांतून आणि जुन्या अनुवादांतून जुळवलं तर 'कार्यकाळ पर्यावरण' असं काहीतरी तयार होतं. कार्यकाळ मंत्र्याचा असतो आणि पर्यावरण झाडांचं, त्यामुळे मूल वाचून पुढे जातं आणि त्याच्या मनात काहीच उमटत नाही. दुसरा अडथळा 'इन्स्टॉल'. स्थापित करणे, प्रतिष्ठापित करणे, बसवणे, टाकणे, चढवणे: यातलं काय घ्यावं?

मला नुसता प्रतिशब्द नको आहे. ज्या शब्दामुळे मूल योग्य पॅकेज निवडेल तो शब्द हवा आहे. डिफॉल्ट-जेआरई बसवून झाल्यावर 'जावा' चालतं, पण 'जावासी' (लिहिलेला मजकूर चालवण्याजोग्या रूपात नेणारा कंपायलर) लिहिलं की 'कमांड नॉट फाउंड' येतं आणि मुलं गोंधळतात. हा गोंधळ मला भाषेचाही वाटतो.

प्रतिसाद १

इन्स्टॉलसाठी निःसंशय 'बसवणे'.

लिनक्सच्या जुन्या मराठी अनुवादांत 'प्रतिष्ठापन' दिसतं. ते चुकीचं नाही, कारण भाद्रपदात पंचांग ज्याला प्रतिष्ठापना म्हणतं त्यालाच आपण घरी 'गणपती बसवणे' म्हणतो. दोन्ही एकाच क्रियेचे शब्द आहेत, एक पोथीतला आणि एक ओठांवरचा. पंखा बसवतो, नळ बसवतो, विहिरीवर मोटर बसवतो, दात बसवतो. या प्रत्येक ठिकाणी वस्तू बाहेरून आणून तिच्या जागी पक्की केली जाते आणि पुढे ती तिथेच राहून काम करते. पॅकेज बसवताना हेच घडतं. ॲप्ट, म्हणजे उबंटूचं पॅकेजं बसवणारं साधन, फाइली आणतं, ठरलेल्या डिरेक्टरीत ठेवतं आणि नोंद करतं.

मात्र क्रियापद सकर्मकच ठेवा. 'जावा बसवलं' स्पष्ट आहे, 'जावा बसलं' नाही. आवाज बसतो, धंदा बसतो, भिंत बसते, तेव्हा आपल्या मनात बिघाड असतो. 'मशीन बसलं' हे ऐकून कुणी आनंदाने चहा मागवणार नाही.

'टाकणे' मात्र लेखी टिपणीत नको. दुकानात 'विंडोज टाकून द्या' असं सर्रास म्हणतात आणि तिथे ते समजतं. कागदावर 'जुनं जावा टाकून द्या' याचे दोन उलटे अर्थ होतात.

प्रतिसाद २

आम्ही हॉस्टेलवर 'उबंटू मारलं' म्हणतो. फॉरमॅट पण मारतो, रिस्टार्ट पण मारतो. टिपणीत नको लिहू ताई, पण मुलं हेच बोलणार.

प्रतिसाद ३

बसवणे पटलं. रनटाइमबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण हा एक शब्द नसून किमान तीन आहेत, आणि तिघांना एकच मराठी शब्द शोधण्यात आपली शक्ती वाया जाते.

पहिला अर्थ वेळेचा. प्रोग्राम चालू असतानाचा काळ, त्याच्या विरुद्ध बाजूला कंपाइल होतानाचा काळ. अर्धविराम राहिला तर कंपायलर तिथेच अडवतो. पूर्णांकाला शून्य असलेल्या चलाने भागलं तर कंपाइल बिनतक्रार होतं आणि चालताना कोसळतं. इथे नामाची गरजच नाही, मराठीत 'चालताना' हे रूप तयार आहे. 'रनटाइम एरर' म्हणजे चालताना आलेली चूक. 'कार्यकाळ त्रुटी' असं लिहिण्याचं काहीच कारण नाही.

दुसरा अर्थ लागणाऱ्या वेळेचा. 'या अल्गोरिदमचा रनटाइम किती' म्हणजे तो किती वेळ घेतो. याला 'लागणारा वेळ' पुरतो.

तिसरा अर्थ वस्तूचा, आणि ताईंची अडचण इथे आहे. जावाचा कंपायलर आपला मजकूर थेट प्रोसेसरच्या भाषेत नेत नाही, बाइटकोड नावाच्या मधल्या भाषेत नेतो. तो बाइटकोड प्रोसेसरला कळत नाही. तो वाचून चालवणारं यंत्र, म्हणजे जेव्हीएम, आणि त्याच्या जोडीची लायब्ररी मिळून जे बनतं ते रनटाइम. हा काळही नाही आणि पर्यावरणही नाही. डिस्कवर जागा खाणारी, बसवता आणि काढता येणारी चीज आहे.

या तिसऱ्या अर्थासाठी 'रनटाइम' हाच शब्द राहू द्या. 'चालक' सुचतो, पण तो ड्रायव्हरने अडवला आहे. 'दुभाष्या' सुंदर आहे, पण तो इंटरप्रिटरच्या हक्काचा, आणि जेव्हीएम निव्वळ दुभाष्या नाही. वारंवार चालणारा भाग तो चालता चालता प्रोसेसरच्या भाषेत उतरवून घेतो. पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य द्या: 'रनटाइम म्हणजे तयार झालेला जावा प्रोग्राम चालवण्यासाठी लागणारी सामग्री.' आणि लगेच दुसरं: 'जेडीके म्हणजे तो प्रोग्राम तयार करण्याचीही सामग्री.' मुलांचा गोंधळ 'चालवणे' आणि 'तयार करणे' या दोन क्रियापदांत सुटतो. जावासी तयार करणाऱ्यांत मोडतं, म्हणून ते जेआरईमध्ये नसतं. मुलांना शिकायचं आहे, त्यामुळे त्यांना डिफॉल्ट-जेडीके बसवायला सांगा. त्यात रनटाइम येतंच.

धागाकर्ती

'चालताना' आणि 'चालवण्यासाठी लागणारी सामग्री' हा भेद मला फार उपयोगी आहे. पण मुलं एक विचारतील: जावाच्या मूळ संकेतस्थळावर नव्या आवृत्त्यांचं जेआरई वेगळं दिसत नाही, मग उबंटूत का आहे?

प्रतिसाद ३

रास्त प्रश्न. जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीने जावा ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, वेगळं जेआरई देणं थांबवलं. जावा ९ मध्ये, २०१७ साली, लायब्ररीचे मॉड्यूल पाडले गेले आणि जेलिंक नावाचं साधन आलं. त्याने आपल्या प्रोग्रामला लागतील तेवढेच मॉड्यूल घेऊन छोटं रनटाइम बनवता येतं आणि प्रोग्रामबरोबरच देता येतं. म्हणजे पूर्वी रनटाइम प्रत्येक संगणकावर एकदा बसवायचं आणि सगळ्या प्रोग्रामांनी ते वापरायचं, आता ते प्रोग्रामच्या सोबत प्रवास करतं. डेबियन आणि उबंटूने मात्र ओपनजेडीकेची (जावाच्या मुक्त रूपाची) जेआरई आणि जेडीके अशी फोड कायम ठेवली आहे, कारण ज्याला फक्त एखादा प्रोग्राम चालवायचा आहे त्याच्या माथी कंपायलर कशाला?

प्रतिसाद ४

सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम, म्हणून दोन शब्दांवर बोलते.

'हेडलेस'. ओपनजेडीके-२१-जेआरई आणि ओपनजेडीके-२१-जेआरई-हेडलेस अशी दोन पॅकेजं दिसतात. एका जुन्या टिपणीत मी 'शिरविरहित' वाचलं आहे. ते वाचून काहीतरी कापलेलं, अपुरं आहे असं वाटतं. वास्तविक संबंध पडदा, कीबोर्ड आणि माउसशी आहे. सर्व्हरला मॉनिटर जोडलेला नसतो, तिथे खिडक्या काढणारा भाग लागत नाही. 'बिनपडद्याचं' म्हटलं तर अर्थ नेमका पोचतो आणि परिणामही आपोआप कळतो: स्विंगमध्ये लिहिलेला, खिडकी उघडणारा प्रोग्राम बिनपडद्याच्या रनटाइमवर चालणार नाही. डेस्कटॉपवरच्या मुलांनी ते घेऊ नये.

'डिफॉल्ट'. काही अनुवादांत याला 'मूलभूत' म्हटलंय. 'मूलभूत जेडीके' वाचून मूल समजेल की हे प्राथमिक, कमी सोयींचं आहे आणि याच्या वर कुठेतरी 'प्रगत जेडीके' असणार. तसं काही नसतं. डिफॉल्ट-जेडीकेमध्ये स्वतःचं जवळजवळ काहीच नाही, ते फक्त या वितरणाने (उबंटू, डेबियन वगैरे) नेमलेल्या आवृत्तीकडे बोट दाखवतं. उबंटू २२.०४ मध्ये ती ११ होती, २४.०४ मध्ये २१ आहे, डेबियन १२ मध्ये १७. म्हणून मी 'वितरणाने नेमलेलं' म्हणते. दोन मित्रांनी तीच आज्ञा दिली आणि आवृत्त्या वेगळ्या आल्या तर त्याचं कारण या शब्दात सापडतं.

प्रतिसाद १

'नेमलेलं' उत्तम. नेमणूक बदलू शकते हे त्या शब्दात आधीच आहे.

प्रतिसाद ५

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी प्रोग्रामर नाही, घरी लिनक्स मिंट वापरतो. फ्लॅटपॅक या ॲप बसवण्याच्या साधनाने एक चित्र काढण्याचं ॲप बसवायला गेलो, तर यासाठी अमुक रनटाइम लागेल, बसवू का, असं विचारलं आणि काही शे एमबी उतरवले. जावाचं तर नावही नव्हतं. हे रनटाइम तेच का?

प्रतिसाद ३

काका, कल्पना तीच, चीज वेगळी. फ्लॅटपॅकचं रनटाइम म्हणजे ॲपच्या पायाखालच्या लायब्रऱ्यांचा ठरलेला संच. फ्रीडेस्कटॉपचा एक आहे, नोमचा एक, केडीईचा एक. ॲप आपल्या मिंटच्या लायब्रऱ्यांवर उभं न राहता त्या संचावर उभं राहतं, म्हणून तेच ॲप फेडोरावरही तसंच चालतं. त्यात मधल्या भाषेचं यंत्र असेलच असं नाही. पण 'चालवण्यासाठी लागणारी सामग्री' ही व्याख्या इथेही तंतोतंत लागू पडते, आणि इथेही तयार करणाऱ्यांसाठी वेगळा एसडीके असतो. पुढे त्याच संचावरचं दुसरं ॲप घेतलंत तर तो पुन्हा उतरवावा लागणार नाही.

इथे एक सुचवतो. डाउनलोडला 'उतरवणे' आणि इन्स्टॉलला 'बसवणे' हे दोन शब्द टिपणीत कधी एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. विंडोजवरून आलेली मुलं संकेतस्थळावरून संकुचित फाइल उतरवतात, डाउनलोड्समध्ये उलगडतात आणि 'जावा बसवलं' म्हणतात. बसवलेलं नसतं, कारण शेलला (आपल्या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामला) ते कुठे आहे हे ठाऊकच नसतं. उतरवणे, बसवणे आणि तिसरं 'निवडणे'.

धागाकर्ती

निवडणे म्हणजे अपडेट-ऑल्टरनेटिव्हज?

प्रतिसाद ३

हो, आणि यावर टिपणीत मोकळी जागा ठेवा, कारण बहुतेकांची अडचण पुढे इथेच होते. लिनक्सवर १७ आणि २१ शेजारी शेजारी राहू शकतात, दोन्ही /यूएसआर/लिब/जेव्हीएम खाली आपापल्या डिरेक्टरीत. /यूएसआर/बिन मधलं 'जावा' ही खरी फाइल नसते. तो दुवा असतो, तो /ईटीसी/ऑल्टरनेटिव्हज मधल्या दुसऱ्या दुव्याकडे नेतो आणि तो शेवटी निवडलेल्या आवृत्तीकडे. अपडेट-ऑल्टरनेटिव्हज हा मधला दुवा फिरवतं. काही बसत नाही, काही निघत नाही, फक्त निवड बदलते. त्यामुळे तिथे 'बदला' किंवा 'बसवा' लिहू नका, 'निवडा' लिहा.

मेख अशी की 'जावा' आणि 'जावासी' यांची निवड स्वतंत्र असते. जावा १७ वर आणि जावासी २१ वर राहिलं, तर कंपाइल नीट होतं आणि चालवताना 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' येते. त्या निरोपात ६५ आणि ६१ असे आकडे असतात. ६५ म्हणजे क्लास फाइल २१ ने तयार केली, ६१ म्हणजे चालवणारं १७ चं आहे. ११ साठी हाच आकडा ५५ आणि ८ साठी ५२. मुलं 'जावा खराब झालं' म्हणून सगळं पुन्हा बसवतात. खरं तर तयार करणारा नवा आणि चालवणारा जुना एवढंच झालेलं असतं. अपडेट-जावा-ऑल्टरनेटिव्हज ही वेगळी आज्ञा सगळी साधनं एकदम एका आवृत्तीवर आणते. जावा_होम (जावा कुठे आहे हे इतर साधनांना सांगणारी सेटिंग) मात्र या दोन्हींनी बदलत नाही, ते आपलं आपण नीट करायचं.

प्रतिसाद ४

एन्व्हायर्नमेंटचा विषय निघालाच आहे तर पायथनबद्दलही. डेबियन १२ आणि उबंटू २४.०४ वर पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) थेट काही बसवायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार येतो. कारण तिथला पायथन फक्त तुमचा नाही, सिस्टमची स्वतःची साधनं त्याच्यावर चालतात. त्याचा ताबा ॲप्टकडे आहे, म्हणून पिप हात लावत नाही. हा नकार मोडून काढण्याचा पर्याय आहे, तो मुलांना सांगू नका. आपल्या कामासाठी व्हेन्व्हने वेगळी मांडणी करायची. 'आभासी पर्यावरण' याऐवजी मी 'प्रकल्पाची वेगळी मांडणी' म्हणते. त्यात आभासी काही नसतं, डिस्कवरची साधी डिरेक्टरी असते आणि नको झाली की पुसता येते.

प्रतिसाद २

मला तो नकार आला तेव्हा वाटलं माझ्याकडे परवानगी नाही, म्हणून पुढे सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवण्याची आज्ञा) लावलं. तरी नाही म्हणाला. आता कळलं, प्रश्न परवानगीचा नव्हता, ताब्याचा होता.

प्रतिसाद १

'ताबा' टिपणीत जरूर घ्या. 'बाह्य व्यवस्थापित' पेक्षा तो शब्द शंभर पटीने बोलका आहे.

धागाकर्ती

घेते. शेवटची शंका 'अनइन्स्टॉल'ची. 'विस्थापित करणे' मी लिहिणार नाही. धरणग्रस्तांच्या संदर्भात हा शब्द ज्या अर्थाने आपल्या मनात बसला आहे तो इथे आणणं मला पटत नाही. 'काढणे' चालेल का? ॲप्टमध्ये रिमूव्ह आणि पर्ज असे दोन प्रकार आहेत.

प्रतिसाद ४

'काढणे' आणि 'समूळ काढणे'. रिमूव्हने प्रोग्राम जातो, पण /ईटीसी खालच्या त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात. ओपनजेडीके-२१ काढलं तरी /ईटीसी/जावा-२१-ओपनजेडीके ही डिरेक्टरी शिल्लक दिसेल, आणि डीपीकेजीच्या (पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) यादीत त्या पॅकेजपुढे 'आरसी' अशी अक्षरं येतील: काढलं आहे, सेटिंग ठेवली आहे. पर्जने त्याही जातात. ऑटोरिमूव्ह हा तिसरा प्रकार आहे, तो सोबत आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजं काढतो. त्याला 'निरुपयोगी' नका म्हणू, ती कधीतरी उपयोगी होती म्हणूनच आली होती. 'आता न लागणारी' एवढंच म्हणा, आणि ऑटोरिमूव्हला होकार देण्याआधी यादी वाचायला सांगा. त्यात कधी कधी आपल्याला हवं असलेलं जेडीकेही असतं, कारण ते आपण मागितलेलं नसून दुसऱ्या एखाद्या पॅकेजबरोबर आलेलं असतं.