जुनी कॅम्पर व्हॅन आणि कूलंटची गळती : आपले अनुभव लिहा

मुशाफिरी
काल घरासमोर एक जुनी व्हॅन येऊन थांबली आणि तिच्याकडून तो गोडसर, उबट वास आला. तापलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही. त्या वासाने आमच्या पहिल्या व्हॅनची आठवण इतकी जागी झाली की हा धागा काढल्यावाचून राहवले नाही.

त्या व्हॅनचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे होता, त्यामुळे कूलंटला गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या दोन लांब नळ्यांतून जा-ये करावी लागे. दर काही दिवसांनी टाकीतली पातळी खाली गेलेली दिसायची, पण गाडीखालची जमीन मात्र कोरडी ठणठणीत असायची. शेवटी एका अनुभवी मेकॅनिकने इंजिन पूर्ण थंड असताना झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला, झाकणावर लिहिलेला असतो तेवढाच, म्हणजे सुमारे १ बार दाब भरला आणि प्रत्येक जोडावर पांढऱ्या टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळली. पाव तासाने मागच्या बाकाखालच्या हीटरकडे जाणाऱ्या नळीवरच्या पट्टीला हिरवा ठिपका उमटला. तिथे पाझरणारा प्रत्येक थेंब जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच बाकाखालच्या जाड नमद्यात मुरत होता. गळती शोधण्याची याहून प्रामाणिक पद्धत मला अजून सापडलेली नाही.

आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, विशेषतः गळती नेमकी कुठे सापडली ते.

घाटवाट
आमच्याकडे फक्त थंडीच्या पहाटे गळायचे. इंजिन तापले की गळती बंद, आणि गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी तापलेलीच असल्यामुळे तिथे काहीही दिसत नसे. कारण होज पाइपवरच्या क्लिपमध्ये होते. स्क्रूने आवळायची क्लिप एकदा आवळली की आहे तिथेच राहते, पण तिच्याखालचे रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने दबते, कडक होते आणि थंडीत आकसल्यावर धातूच्या तोंडाला घट्ट बसत नाही. स्क्रू आणखी आवळत गेलो तर क्लिप रबरात रुतून नळीच कापली जाते. आम्ही त्या जागी स्प्रिंगच्या क्लिपा बसवल्या, ज्या रबराबरोबर स्वतःही आवळतात आणि सैलावतात, आणि बसवण्यापूर्वी धातूच्या तोंडावरचा पांढरा खरवडा बारीक पॉलिश पेपरने काढून टाकला. माझ्या मते या दुरुस्तीत ती सफाई क्लिपइतकीच महत्त्वाची होती.

नदीकाठ
वाचत आहे. पुढच्या हीटरविषयी कोणी लिहिल्यास उपकार होतील, कारण आमच्या गाडीत सध्या समोरच्या काचेवर आतून धुके धरते आहे.

घाटवाट
नदीकाठ, ती काच स्वच्छ फडक्याने पुसून पाहा. फडक्याला चिकट, तेलकट थर लागला आणि त्याला गोडसर वास असेल, तर ते साधे दव नसून हीटरच्या जाळीतून बाहेर पडणारी कूलंटची वाफ आहे. पायाखालचा गालिचाही उचलून पाहावा.

नदीकाठ
आताच पाहून आले. गालिचा ओला आहे आणि फडकेही चिकट झाले आहे. मुलांना घेऊन निघायचे ठरले होते, त्यामुळे फार वाईट वाटते आहे.

सह्यवारा
नदीकाठ, धीर सोडू नका. हीटरची जाळी बदलेपर्यंत हीटरकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या नळ्या काढून एका सरळ धातूच्या तुकड्याने एकमेकींना जोडल्या, तर कूलंटचा प्रवाह चालू राहतो आणि हीटर फक्त वगळला जातो. केबिनमध्ये ऊब मिळणार नाही आणि काचेवरचे धुके लवकर निघणार नाही, पण घरापर्यंत सुखरूप परतता येते. अशा प्रसंगासाठीच योग्य मापाचा एक तुकडा आणि चार क्लिपा आमच्या गाडीत कायम असतात.

दिगंतर
वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक लहानसे छिद्र असते. आतले सील झिजले की त्यातून कूलंट बाहेर येते आणि वाळल्यावर तिथून खाली पांढरट किंवा हिरवट पापुद्र्याचा ओघळ दिसतो. एका ओळखीच्या गृहस्थांना कोणीतरी ते छिद्र बुजवण्याचा सल्ला दिला होता. कृपया कोणीही तसे करू नये, कारण ते छिद्र बेअरिंगमध्ये पाणी शिरू नये म्हणूनच ठेवलेले असते, आणि ते बुजवल्यास आज फक्त सील बदलावे लागणारा पंप उद्या बेअरिंगसकट जाम होतो व पट्टाही तोडतो.

पाणंद
गळती बंद करणारी पावडर कोणी वापरली आहे का? उद्या निघायचे आहे आणि रेडिएटरमधून अगदी किंचित पाझर आहे.

सह्यवारा
पाणंद, आडरानात दुसरा इलाजच नसेल तर गोष्ट वेगळी, पण घरी असताना मी ती कधीही वापरू देणार नाही. ती पावडर जिथे छिद्र आहे तिथे जशी साचते तशीच हीटरच्या बारीक नळ्यांतही साचते, आणि जुन्या गाडीत त्या नळ्या आधीच गाळाने अरुंद झालेल्या असतात. तुमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर डाग देऊन पक्का होतो. ॲल्युमिनियमच्या गाभ्याला प्लास्टिकच्या टाक्या जोडलेला असेल आणि पाझर त्या जोडावर असेल, तर डाग देता येत नाही. बहुधा तो बदलावाच लागतो.

पाणंद
प्लास्टिकच्या टाक्यांचाच आहे. प्रवास पुढे ढकलला.

मुशाफिरी
पाणंद, योग्य निर्णय घेतलात. नवा रेडिएटर बसवताना झाकणही नवे घ्यावे. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल असे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, पण १ बार जादा दाबाखाली ते १२५ अंशांच्या पुढे तग धरते. झाकणाची स्प्रिंग थकली की हा दाब टिकत नाही, कूलंट ओसंडून जाते आणि आपण मात्र सगळ्या नळ्यांवर गळती शोधत राहतो.

दूरचा पल्ला
ज्यांच्या कॅम्परमध्ये आंघोळीच्या पाण्याची टाकी इंजिनच्या कूलंटवर तापते, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितो, कारण साध्या व्हॅनच्या पुस्तकात हा भाग सापडत नाही. आमच्या गाडीत कूलंट कमी होण्याऐवजी वाढू लागले आणि कूलंटच्या टाकीतून वर येऊन सांडू लागले. त्या गरम पाण्याच्या टाकीत कूलंटचे वेटोळे असते, त्याला आतून भोक पडले होते. नळाला पाणी देणाऱ्या पंपाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा जास्त असल्यामुळे पाणी कूलंटमध्ये शिरत होते. पंप बंद असताना आणि इंजिन तापलेले असताना मात्र हाच प्रवास उलट दिशेने होऊ शकतो, म्हणजे एथिलीन ग्लायकॉलसारखे विष भांडी धुण्याच्या आणि चूळ भरण्याच्या पाण्यात उतरू शकते. आम्ही त्याच दिवशी टाकीकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या तोडून बंद केल्या, पिण्यासाठी वेगळे पाणी ठेवले, आणि नवी टाकी बसेपर्यंत त्या नळाला हात लावला नाही. नळाच्या गरम पाण्याला रंग, वास किंवा गोडी जाणवली तर चव घेऊन खात्री करू नका.

पडवी
याच संदर्भात एक विनंती. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये. त्याच्या गोडीमुळे कुत्री ते चाटतात आणि मांजराच्या जिवाला तर अगदी थोडेही पुरते. आमचे एक मांजर असेच गेले.

मुशाफिरी
पडवी, वाचून मन हेलावले. झाकणाच्या कॅनमध्येच भरावे आणि गटारात ओतू नये, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

दिगंतर
दुरुस्तीनंतर हवा काढण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. लांब नळ्यांच्या गाडीत हे काम घाईने होत नाही. हवा सोडायचा स्क्रू ज्या टोकाला असेल ते टोक उंच राहील अशी गाडी उभी करावी, पुढचे-मागचे दोन्ही हीटर पूर्ण उघडावेत आणि थंड इंजिनपासून सुरुवात करून स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत सावकाश भरत राहावे. आत हवा अडकली असेल तर हीटर थंड वारा देतो, आणि तापमानाचा सेन्सर कूलंटऐवजी हवेत राहिला तर काटा खालीच दिसतो, प्रत्यक्षात इंजिन उकळत असते. सगळे जोड कोरडे असूनही नंतर टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील, तपासून घ्यावे. टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरतात, ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये येत असतील तर पेट्रोल इंजिनात तो द्रव पिवळा पडतो.

नदीकाठ
सह्यवारा, दोन नळ्यांना जोडणारा तुकडा कोणत्या धातूचा घ्यावा? आणि नळीचे माप आतून घ्यायचे की बाहेरून?

सह्यवारा
पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्यावे. माप नळीच्या आतल्या व्यासाचे घ्यावे आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडी उठावाची कड असेल असे पाहावे, म्हणजे दाबाखाली नळी घसरत नाही. बसवल्यावर पातळी पुन्हा पाहा आणि इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नका.