नववीतल्या वाचकाला आजची कादंबरी सुचवायची की नाही?

कोरंपान

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी आज जी कादंबरी लिहिली जाते आहे, ती आपण मोठ्यांनी स्वतः वाचावी आणि मुलांना नाव घेऊन सुचवावी. ‘यंग अडल्ट’ हे शब्द ऐकले की नाक मुरडणं आता पुरे.

नववीतल्या मुलीसाठी पुस्तक सुचवा असं कुणी विचारलं की आपल्याकडची यादी ठरलेली असते. फास्टर फेणे, शांताबाई शेळक्यांचं ‘चौघीजणी’, राम पटवर्धनांचं ‘पाडस’ आणि प्रकाश नारायण संतांची लंपनची चार पुस्तकं. यातलं एकही पुस्तक मी काढून टाकणार नाही. पण ‘पाडस’चं मूळ पुस्तक १९३८ सालचं आहे आणि ‘चौघीजणी’चं मूळ त्याच्याही सत्तर वर्षं आधीचं. लंपन हे तर मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेलं बालपण आहे. ते वाचताना आपले डोळे भरून येतात, कारण आपलं बालपण मागे पडलं आहे. चौदा वर्षांच्या मुलाचं अजून कुठे मागे पडलंय?

मी आठवी ते दहावीच्या मुलांसोबत दर रविवारी पुस्तकं वाचते. तिथे ज्या पुस्तकावर मुलं सगळ्यात जास्त वेळ बोलली ते म्हणजे पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’. कॉनर तेरा वर्षांचा आहे, आईला कॅन्सर झालाय. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचं यू नावाचं झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतं. ते तीन गोष्टी सांगणार आणि चौथी कॉनरने सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे. त्याच्या पोटात दडलेलं खरं असं की हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत असतं. घरात लांबलेलं आजारपण पाहिलेल्या मुलाला हे कोण सांगतं, की असं वाटलं म्हणून तू वाईट ठरत नाहीस? घरातलं कुणी सांगत नाही. २०१२ मध्ये या एकाच पुस्तकाला ब्रिटनमधली बालसाहित्याची दोन्ही मोठी पदकं मिळाली, लेखनाचं कार्नेगी आणि जिम के यांच्या चित्रांसाठी ग्रीनअवे.

दुसरं, जेसन रेनॉल्ड्सचं ‘लाँग वे डाउन’ (२०१७). पंधरा वर्षांच्या विलचा भाऊ गोळी लागून मरतो. बदला घ्यायचा हा वस्तीचा नियम. विल कमरेला पिस्तूल खोचून लिफ्टमध्ये शिरतो. तळमजल्यापर्यंत साठ सेकंद, आणि वाटेत प्रत्येक मजल्यावर मेलेलं एक माणूस आत येतं. सगळी कादंबरी कवितेत आहे. आपल्याकडचं हवं असेल तर पारो आनंद यांचं काश्मीरवरचं ‘नो गन्स ॲट माय सन्स फ्यूनरल’ (२००५) आहे, रणजित लाल यांचं जन्मताच मारलेल्या मुलींवरचं ‘फेसेस इन द वॉटर’ आहे.

ही पुस्तकं मुलांना कुणी सुचवली नाहीत तर ती दुकानाच्या दर्शनी मांडणीतून आणि इन्स्टाग्रामवरून निवडतील. निवडू देत. पण त्यात आपलाही एक आवाज असावा.

दगडी_जिना

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही.

‘यंग अडल्ट’ ही आधी ग्रंथपालांची सोय होती आणि मग प्रकाशकांची बाजारपेठ झाली. अमेरिकेत २०१२ साली बाउकर या संस्थेने पाहणी केली, तेव्हा ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले. म्हणजे हा मुलांच्या गरजेतून उभा राहिलेला प्रकार आहे असं मानणं भाबडेपणाचं आहे.

माझा खरा आक्षेप भाषेवर आहे. यातली बरीच पुस्तकं मी वाचली आहेत. प्रथमपुरुषी निवेदन, वर्तमानकाळ, तीन ओळींचे परिच्छेद, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक झटका. चौदाव्या वर्षी वाचकाला आपल्यापेक्षा उंच भाषा भेटायला हवी. आमच्या पिढीत ‘किशोर’ मासिक संपलं की पुढची उडी थेट ‘बनगरवाडी’वर असायची. निम्मं कळायचं नाही, पण माणदेशातला तो उजाड माळ डोक्यात घर करून राहिला. कॉनराड रिश्टरची एक कादंबरी जी. ए. कुलकर्णींनी ‘रानातील प्रकाश’ नावाने मराठीत आणली. तिचा नायक पंधरा वर्षांचा आहे. लहानपणी पळवून नेलेला, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, इंडियन टोळीत वाढलेला आणि जबरदस्तीने गोऱ्या आईबापांकडे परत पाठवलेला मुलगा. आपण कुणाचे, हा पौगंडावस्थेतला सगळ्यात जीवघेणा प्रश्न त्यात आहे. त्यावर ‘वयोगट’ असा शिक्का मारावा लागला नाही.

मुलांना त्यांचंच रोजचं जग पुन्हा पुन्हा दाखवत राहिलो तर ती दुसऱ्याच्या जगात शिरणार कधी?

ऐलतीर

मी या वयाच्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, म्हणून एका वेगळ्या काळजीने लिहिते आहे.

कोरंपान, तुमची यादी चांगली आहे. पण ‘समकालीन’ म्हणून जे सरसकट सुचवलं जातं त्यात जे ॲशरचं ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ही येतं. हॅना नावाची मुलगी आत्महत्येपूर्वी कॅसेट ध्वनिमुद्रित करून ठेवते, एकेका माणसाला दोषी ठरवत. वाचणाऱ्या मुलाच्या मनावर ठसतं ते एवढंच, की मेल्यावर सगळ्यांना माझं ऐकावं लागेल. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांच्या डोक्यात हा विचार आधीच असतो, त्याला पुस्तकाचा आधार मिळायला नको. त्यावरच्या मालिकेतलं आत्महत्येचं दृश्य नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये कापलं, मालिका आल्यानंतर दोन वर्षांनी. वर्तमानपत्रांनी आत्महत्येची पद्धत तपशिलात छापू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग कादंबरी हातात देताना आपण तेवढाही विचार करायचा नाही?

मी बंदी मागत नाही. पुस्तक देणाऱ्याने ते आधी पूर्ण वाचलेलं असावं आणि मुलाने ते संपवलं त्या आठवड्यात बोलायला हाताशी असावं, एवढंच मागते. यादी फॉरवर्ड करून मोकळं होणं मला मान्य नाही.

कोरंपान

ऐलतीर, तुमचा शब्द न् शब्द मान्य. ते पुस्तक मी सुचवत नाही, कारण त्यात मरण हेच उत्तर असल्यासारखं दाखवलं आहे. पण विषय तोच ठेवून वेगळं लिहिता येतं. हिमांजली शंकर यांच्या ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’मध्ये (२०१४) मुस्कानची गोष्ट तिच्या वर्गातले तिघं सांगतात. वर्गाने तिला कसं एकटं पाडलं हे त्यांच्याच तोंडून कळत जातं. तिथे वाचणारा मुलगा बाकीच्या वर्गाच्या जागी उभा राहतो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

दगडी_जिना, भाषेचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. तुम्ही म्हणता तशी पुस्तकं ढिगाने आहेत आणि मी ती पुढे सरकवत नाही. पण ‘लाँग वे डाउन’मधल्या कवितेच्या ओळी मुलं मोठ्याने वाचून दाखवतात, पुन्हा मागे जाऊन वाचतात. आपल्यापेक्षा उंच भाषा त्यांना तिथे भेटतेच आहे. एस. ई. हिंटनने ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुस्तक आलं १९६७ मध्ये. आपल्या वयाच्या मुलांबद्दल खरं कुणी लिहीत नाही म्हणून तिने स्वतः लिहिलं. हा बाजार नव्हता, मागणी होती.

आणि ‘बनगरवाडी’वर उडी मारून पोचलेले आपण इथे बोलतो आहोत. ज्यांची उडी हुकली ते वाचनातून कायमचे गेले. ते या चर्चेत नाहीत, म्हणून त्यांची बाजू कुणी मांडत नाही.

वाचनालयवाली

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. सांगू का, तुमची जवळजवळ सगळी पुस्तकं इंग्रजी आहेत.

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. अनुदानात वर्तमानपत्रं, मासिकं आणि वीजबिल भागवून जे उरतं त्यात पुस्तकं येतात. बालविभागाचं एक कपाट आहे. मुलं त्या कपाटावर सहावी-सातवीपर्यंत जीव टाकतात. मग एक दिवस यायची थांबतात. परत येतात ती कॉलेजात गेल्यावर, एमपीएससीची पुस्तकं मागायला आणि अभ्यासिकेत बसायला. मधल्या वर्षांसाठी माझ्याकडे द्यायला काही नसतं. जीव तुटतो, कारण याच वर्षांत त्यांना कुणाशी तरी बोलायचं असतं.

मराठीत त्या वयाचं म्हणून मला एकच पुस्तक डोळे मिटून सांगता येतं, मिलिंद बोकीलांचं ‘शाळा’. नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, शिरोडकर, नरूमामा, बाहेर आणीबाणी. ते आमच्याकडे मोठ्यांच्या कपाटात असतं. नववीतल्या एका मुलीने मागितलं, मी दिलं. दुसऱ्या दिवशी वडील पुस्तक घेऊन आले. त्यात शिव्या आहेत, मुलगामुलगीचं आहे, हे तुम्ही कसं दिलंत? मी त्यांना बसवून शेवटची वीस पानं वाचायला लावली. ते काही बोलले नाहीत. पण मुलगीही परत आली नाही.

दुसरं म्हणजे ‘फँड्री’. २०१३चा सिनेमा. आमच्याकडच्या पोरांनी तो मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलाय. जब्याचं वय त्यांचंच, शाळा त्यांच्याच शाळेसारखी, जातीमुळे येणारी शरम त्यांच्या ओळखीची. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ही तसाच. मराठी सिनेमा या वयाच्या पोराकडे कॅमेरा वळवतो, मग कादंबरी का वळत नाही? माझ्या पोरांना दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी शाळेतली मुस्कान नको असं नाही, पण ती त्यांच्यापर्यंत पोचणार कुठल्या भाषेतून?

दगडी_जिना

ताई, तुमचा अनुभव वाचून अस्वस्थ झालो. मात्र ‘शाळा’चं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. २००४ साली बोकीलांनी ती मोठ्यांसाठी, कादंबरी म्हणून लिहिली. म्हणूनच त्यात मुलांना सांभाळून घेणारा सूर नाही. ‘तेरा ते अठरा’ असं कपाट केलंत की लेखक त्या कपाटासाठी लिहायला लागतील, शिव्या गाळतील, शेवट गोड करतील. आणि तो रागावलेला बाप त्या कपाटावर आणखी बारीक नजर ठेवेल. अमेरिकेत तेच चाललं आहे. अँजी थॉमसचं ‘द हेट यू गिव्ह’, पोलिसांच्या गोळीने मित्र मेलेला पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट, शाळांमधून काढा म्हणून तिथे तक्रारींवर तक्रारी झाल्या. ते पुस्तक मुलांच्या कपाटात होतं, म्हणून सापडलं.

अकरावी_ब

मी अकरावीत आहे आणि तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातली एक आहे.

‘शाळा’ मला खूप आवडलं. पण ते माझ्याबद्दल नाही. शिरोडकर शाळेत येताना दिसावी म्हणून जोशी जी धडपड करतो तो काळच गेला. आता ती ऑनलाइन आहे की नाही हे रात्री दोन वाजताही कळतं, आणि तिने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही हेही कळतं. याबद्दल मराठीत कुणी कादंबरी लिहिली तर मी पहिल्या दिवशी घेईन.

कोरंपान ताई, तुमच्या यादीबद्दल एक तक्रार आहे, रागावू नका. कॅन्सर, गोळीबार, काश्मीर, मारलेल्या मुली. प्रत्येक पुस्तकात कुणीतरी मरतंच. आमच्यासाठीचं चांगलं पुस्तक म्हणजे दुःखाचं पुस्तक, हे कुणी ठरवलं? मी ॲलिस ओसमनचं ‘हार्टस्टॉपर’ तीनदा वाचलंय. चित्रकादंबरी आहे, दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि जग बुडत नाही. ते वाचून मी जेवढी रडले तेवढी कुठल्याच मरणाने रडले नाही. मोठी माणसं मात्र ते सुचवत नाहीत, कारण त्यावर चर्चा घेता येत नाही.

आणि दगडी_जिना काका, ‘बनगरवाडी’ मी वाचेन. पण बारावीनंतर, आणि माझी मी. आत्ता क्लासवरून आल्यावर डोकं चालत नाही, तेव्हा तीन ओळींचा परिच्छेदच वाचता येतो. तो वाचते म्हणून वाचत राहिलेय.

भुताची पुस्तकंही सांगा कुणीतरी. खरोखर घाबरवणारी.

कोरंपान

यात रागावण्यासारखं काय आहे? तुझं म्हणणं बरोबर आहे. प्रेम, थट्टा, भीती हेही यादीत आलं पाहिजे. ‘हार्टस्टॉपर’ या रविवारी नेते. चर्चा घेणार नाही, फक्त फिरवते.

दगडी_जिना, तक्रारींच्या भीतीने मुलांची पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात लपवायची हे मला पटत नाही. वाचनालयवाली ताईंच्या गावात लपवूनही बाप आलाच. लपवलेलं पुस्तक ज्या मुलाला मिळायला हवं त्यालाही मिळत नाही. आणि मराठीत लिहायला कुणी धजावत नाही, कारण ते ठेवायचं कुठे हेच दुकानदाराला आणि ग्रंथपालाला माहीत नाही. आधी कप्पा हवा.

दगडी_जिना

कप्प्यावर आपलं एकमत होणार नाही. भुतांवर होईल. अकरावी_ब, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घे. मोठ्यांसाठी लिहिल्या आहेत, पण छोट्या आहेत, क्लासवरून आल्यावर एक वाचून होते. मतकरींनी लहानांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं आणि मोठ्यांची झोप उडवणाऱ्या कथाही. नारायण धारप त्यानंतर, आणि दिवसा.

ऐलतीर

धारप दहावीच्या खाली नको, एवढी विनंती.

वाचनालयवाली

मतकरींचे तीन संग्रह आमच्याकडे आहेत. उद्या ते, ‘शाळा’, ‘पाडस’ आणि ‘रानातील प्रकाश’ असलं तर तेही दाराजवळच्या मांडणीवर काढते. वर ‘आठवीच्या पुढे’ असं लिहून ठेवते. कुणी विचारायला आलं तर मी आहेच तिथे. ‘लाँग वे डाउन’ सगळं कवितेत आहे म्हणताय, तर कोरंपान, त्याची पाच-सात पानं मराठीत करून पाठवाल का? इथे मोठ्याने वाचून दाखवेन.