व्हीलला आर्केड बटणं जोडली, पण एक दाबलं की दोन लागतात

स्वारगेटकर
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. गुडघ्यांमुळे हल्ली बाहेर पडणं कमी झालंय, म्हणून त्यांना घरच्या पीसीवर युरो ट्रक सिम्युलेटर २ हा ट्रक चालवायचा गेम आणि त्याला स्टिअरिंग व्हील लावून दिलं. समोर रस्ता दिसला की माणूस खुलतो. अडचण एकच: व्हीलवरची बटणं शेंगदाण्याएवढी आणि त्यांचा अंगठा आता नीट वाकत नाही. म्हणून मोठी आर्केड बटणं (व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतात तशी) बसवायला घेतली.

व्हील जुनं, २७० अंश फिरणारं. चाक उघडलं तर रबरी बटणांखाली प्लेटवर कंगव्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या रेघा. रेघेवरचा हिरवा लेप ब्लेडने खरवडून प्रत्येक ठिकाणी दोन वायरी सोल्डर केल्या. एकूण सहा बटणं: हॉर्न, वायपर, दिवे, दोन इंडिकेटर, हँडब्रेक. सगळ्यांची एक बाजू एकाच काळ्या वायरने माळेसारखी जोडली.

आता हॉर्न दाबला की वायपर फिरतो. डावा इंडिकेटर दिला की हँडब्रेक लागतो. दिवे लावले की उजवा इंडिकेटर. काल वळणावर आप्पांनी इंडिकेटर दिला आणि ट्रक जागीच थांबला. ते बोलले काही नाहीत, पण व्हीलवरचा हात काढून घेतला. मला ते फार लागलं. कुठे चुकलंय? बटणांतले एलईडीही जेमतेम मिणमिणतात.

लॅमिंग्टन_रोड
दादा, तुमच्या जोड्याच सांगतायत. तुमच्या व्हीलला सगळ्या बटणांचा एक ग्राउंड नाही, मॅट्रिक्स म्हणजे रेघांची जाळी आहे: दोन ओळी, तीन स्तंभ, आणि प्रत्येक छेदावर एक बटण. काळ्या माळेने तुम्ही दोन्ही ओळी एकमेकींना जोडल्यात. त्यामुळे एका स्तंभातलं एक बटण दाबलं की चिपला त्या स्तंभातली दोन्ही बटणं दाबलेली दिसतात. यूएसबी काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि माळ सोडवून कुठली रेघ कुठल्या रेघेशी जोडलेली आहे ते कागदावर मांडा. मग एकीऐवजी दोन माळा करा. शिवाय प्रत्येक नव्या बटणाला एकेक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, नाहीतर तीन बटणं एकदम दाबली की चौथं आपोआप लागेल. डायोड सगळे एकाच दिशेने हवेत.

मिरजकर_ताई
निदान बरोबर आहे, पण मी तिथे परत सोल्डर करणार नाही. बटणांची पेटी टेबलावर स्थिर आणि वायरी फिरणाऱ्या चाकात, म्हणजे प्रत्येक वळणाला त्या ओढल्या जाणार. आज ना उद्या प्लेटवरची रेघ उखडेल आणि मूळ बटणही जाईल.

त्यापेक्षा एटीमेगा३२यू४ चिप असलेला प्रो मायक्रो बोर्ड घ्या. ही चिप स्वतःच यूएसबी बोलते, पीसीला तो दुसरा जॉयस्टिक म्हणून दिसतो आणि हा गेम व्हीलसोबत दुसरा कंट्रोलर घेतो. प्रत्येक बटणाची एक वायर बोर्डाच्या वेगळ्या पिनला आणि दुसरी ग्राउंडला. इथे तुमची काळी माळ अगदी योग्य ठरते! कोडमध्ये आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन ‘चालू’ पातळीवर धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू करा, बाहेरून रेझिस्टर लागत नाही. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन पाय असतात, त्यातले कॉमन आणि नॉर्मली ओपन (दाबल्यावरच जोडला जाणारा) घ्या. डिबाउन्स, म्हणजे एक दाब दोनदा मोजला जाऊ नये म्हणून थांबायचा वेळ, १० मिलिसेकंद ठेवा.

एलईडी बहुतेक १२ व्होल्टचे आहेत, यूएसबीवर ५ च मिळतात. ५ व्होल्टचे घाला.

स्वारगेटकर
ताई, तुमचं ऐकलं. चाकातल्या वायरी काढताना एक रेघ सुटत आलेलीच दिसली. तपकीर गल्लीतून बोर्ड आणि थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे जोड) आणले, बटणांना आता सोल्डर नाहीच.

जागा मात्र आप्पांनी ठरवल्या. पेटीवर पुठ्ठा ठेवला आणि त्यांना म्हटलं, डोळे मिटून हॉर्न द्या. हात जिथे पडला तिथे पेन्सिलने गोल काढला. सहाही तशीच. मी सरळ रांगेत लावली होती, त्यांचा हात तसा कधी जातच नव्हता. प्लाय १२ मिलिमीटरचा, म्हणून मागून नट बसणारी लांब आट्यांची बटणं घेतली.

काल हॅम्बुर्गहून प्रागला माल पोचवला, एकदाही खाली न बघता. आता एक बटण उरलंय आणि आप्पा म्हणतात त्यावर घंटी लाव, दोन टोले पडल्याशिवाय गाडी हलवायची सवय नाही. गेममध्ये घंटी नाही. काय करता येईल?

मिरजकर_ताई
ते बटण बोर्डाला जोडूच नका. ९ व्होल्टची बॅटरी, बटण आणि ९ व्होल्टवर चालणारी छोटी घंटी, एवढाच सर्किट. आणि बटण लांब वायरीवर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. घंटी कंडक्टर देतो.